प्रामाणिक चूक

शब्बाथशाळेत दोन घरांचा दृष्टांत शिकवताना शिक्षकाला फारसे श्रम पडत नाहीत. एक घर खडकावर, दुसरे वाळूवर. पाऊस येतो, पूर येतो, वारा सुटतो. एक घर उभे राहते, एक कोसळते. लहान मुले हातांनी घर बांधून दाखवतात आणि शेवटच्या 'धडाम्'ला सगळा वर्ग हसतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात असेच हसून झाल्यावर मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "गुरुजी, पण वाळूवरच्या घरात माणसे होती ना? त्यांचे काय झाले?" तेवढ्यात घंटा झाली. "पुढच्या रविवारी सांगतो," असे मी म्हणालो, आणि पुढच्या रविवारी सांगितले नाही.

त्या मुलीचे देणे आज फेडावे असे मनात आहे. त्यासाठी खरोखरच वाळूवर वसलेल्या एका शहराची आणि त्यातील एका कुटुंबाची हकीकत सांगतो.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या आखातालगत, गॅल्व्हेस्टन नावाचे बेट आहे. बेट म्हणजे वाळूचा एक लांबच लांब पट्टा. १९०० साली तेथे सुमारे अडतीस हजार वस्तीचे भरभराटीचे बंदर होते. शहरातील सर्वांत उंच जागासुद्धा समुद्रसपाटीपासून नऊ फुटांच्या आतच होती. त्याच किनाऱ्यावरील इंडियानोला हे बंदर १८७५ आणि १८८६ अशा दोन वादळांनी पार उद्ध्वस्त झाले होते. तेव्हा गॅल्व्हेस्टनच्या लोकांत समुद्राला भिंत घालावी अशी चर्चा सुरू झाली.

सरकारी हवामान खात्याच्या तेथील कचेरीचे प्रमुख आयझॅक क्लाइन हे होते. हुशार, कष्टाळू, वैद्यकाचीही पदवी घेतलेले गृहस्थ. १८९१ साली त्यांनी तेथील वर्तमानपत्रात एक लेख लिहिला. किनाऱ्याजवळचा समुद्र उथळ आहे, त्यामुळे मोठ्या लाटांचा जोर दूरवरच मोडेल. पाणी आलेच तर ते पलीकडच्या सखल मुलखात पसरेल. म्हणून वादळाने या शहराची मोठी हानी होईल ही भीती भ्रामक आहे, असा त्याचा आशय होता. हे त्यांनी कोणाकडून पैसे घेऊन लिहिले नव्हते. त्यांना ते मनापासून खरे वाटत होते. भिंत झाली नाही. ती केवळ या एका लेखामुळे राहिली असे म्हणणे अन्यायाचे होईल. खर्च नको असणाऱ्यांना जाणत्या माणसाचा आधार मिळाला, इतके मात्र खरे.

वस्तुस्थिती नेमकी उलट होती. उथळ समुद्रात लाटा फुटतात हे खरे, परंतु वादळाच्या वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटलेल्या पाण्याला खाली परतायला जागा मिळत नाही, म्हणून ते वर चढत जाते. बंगालच्या उपसागराच्या काठी जी माणसे हजारोंनी बुडाली, ती बहुतेक याच चढत्या पाण्याने.

८ सप्टेंबर १९००, शनिवार. वारा उत्तरेचा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा; तरी समुद्र त्याच्या विरुद्ध चढून गल्ल्यांत शिरत होता. क्युबातील जाणकारांनी हे वादळ टेक्सासकडे जाईल असे ओळखले होते. वॉशिंग्टनच्या वरिष्ठांना ते फ्लोरिडाकडून उत्तरेस वळेल अशी खात्री होती, आणि क्युबाच्या इशाऱ्यांना त्यांच्या लेखी किंमत नव्हती. क्लाइन यांनी त्या दिवशी घोडागाडीतून किनाऱ्यावर फिरून लोकांना आत जाण्यास सांगितले, असे त्यांनी स्वतः पुढे लिहिले. काही इतिहासकारांना त्याविषयी शंका आहे. त्यांचे स्वतःचे घर समुद्रापासून तीन-चार गल्ल्यांवर होते. वादळाला तोंड देता यावे म्हणून ते मुद्दाम भक्कम बांधलेले होते, आणि हे शेजाऱ्यांना ठाऊक होते. संध्याकाळपर्यंत त्या घरात सुमारे पन्नास माणसे आश्रयाला आली. क्लाइन यांची पत्नी कोरा गरोदर असून आजारी होती. तीन लहान मुली होत्या. धाकटा भाऊ जोसेफ, तोही हवामान खात्यातच होता, म्हणाला की सर्वांनी शहराच्या मध्यभागी जावे. थोरल्या भावाने ठरवले की येथेच थांबावे. बाहेरच्या पाण्यात आजारी बाईला कोठे न्यायचे? आणि घर तर भक्कम होते.

साडेसातच्या सुमारास पाणी काही क्षणांत चार फूट चढले. पुढे तासाभरात पाण्याने उखडलेला रेल्वेमार्गाचा लांबलचक सांगाडा भिंतीवर येऊन आदळू लागला, आणि घर कलंडले. जोसेफने दोन मुलींना धरून खिडकी फोडून बाहेर उडी घेतली. आयझॅक पाण्याखाली गेले, शुद्ध हरपली, आणि शुद्धीवर आले तेव्हा धाकटी मुलगी जवळच तरंगत होती. ती पाच जणे मोडक्या लाकडांच्या ढिगावर सुमारे तीन तास वाहत राहिली आणि वाचली. पन्नासांपैकी अठरा वाचले. कोरा वाचली नाही. तीन आठवड्यांनी तिचा देह सापडला. बोटातील अंगठीवरून ओळख पटली. नवरा आणि मुली ज्या लाकडांवर तरंगून वाचली, त्याच लाकडांच्या ढिगाखाली तो होता.

त्या एका रात्री शहरात किमान सहा हजार माणसे मेली. बहुतेक लोक आठ हजारांचा अंदाज धरतात. किनाऱ्यावरील अनाथालयात दहा धर्मभगिनींनी कपडे वाळत घालण्याच्या दोरीने मुलांना आपापल्या कमरेशी बांधून घेतले होते. त्या दहाही गेल्या, नव्वद मुले गेली. तीन मोठे मुलगे एका झाडाच्या आधाराने वाचले. नंतरचे दिवस त्या रात्रीहूनही कठीण होते. प्रेते इतकी की ती होड्यांत भरून समुद्रात सोडण्यात आली, आणि ते ओझे वाहण्यासाठी काळ्या मजुरांना बंदुकीच्या धाकाने जुंपले गेले. समुद्राने प्रेते पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकली. मग अनेक आठवडे चिता जळत राहिल्या.

आता प्रश्न असा, की आयझॅक क्लाइन दोषी होते की निर्दोष?

एक उत्तर आपण पटकन देतो: गर्वाला देवाने शिक्षा केली. हे उत्तर प्रभूने आपल्यासाठी बंद करून ठेवले आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे त्याने विचारले आणि स्वतःच नाही म्हणून सांगितले. दोरीने बांधलेल्या त्या नव्वद लेकरांनी कोणता गर्व केला होता?

दुसरे उत्तर साक्षीच्या सभेत ऐकू येते: देवाने त्या बापाला व मुलींना वाचवले. उपकार मानू नयेत असे मी म्हणत नाही. परंतु ज्या लाकडांवर आपण तरंगतो त्यांच्याखाली कोण आहे हे न पाहता मानलेले उपकार अर्धेच आहेत. वाचलेल्याने देवाचे आभार मानावेत. वाचलो म्हणून आपला निर्णय बरोबर होता, असे मात्र मानू नये.

तिसरे उत्तर सर्वांत गोड आहे: माणूस प्रामाणिक होता, त्याला जे खरे वाटले ते तो बोलला, मग दोष कसला? जगात बहुतेक वेळा आपण एकमेकांना याच उत्तरावर सोडून देतो. पण पवित्र शास्त्र इतक्या स्वस्तात सोडत नाही. अनुवादाच्या पुस्तकात नवे घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे की छताला कठडा घाल, नाहीतर कोणी पडल्यास रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. बांधणाऱ्याचा हेतू चांगला होता का, हे तेथे विचारलेले नाही. कठडा होता का, एवढेच विचारले आहे. त्याच पुस्तकात लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते निसटून शेजारी मेला तर काय करावे, हेही सांगितले आहे. त्या माणसाच्या मनात वैर नव्हते, म्हणून त्याला ठार करायचे नाही. पण 'तुझी काही चूक नाही' म्हणून त्याला तसाच घरीही पाठवायचे नाही. त्याने शरणपुरात जाऊन राहायचे. दोषी आणि निर्दोष यांच्यामध्ये ही तिसरी जागा आहे. तेथे माणसाचा जीव राखला जातो, पण घडले ते घडले नाही असे कोणी म्हणत नाही.

मला वाटते, क्लाइन यांचे उरलेले आयुष्य अशाच जागी गेले. पुढे त्यांची बदली न्यू ऑर्लिन्सला झाली. १९३५ साली सेवानिवृत्त होईपर्यंत ते वादळांचाच अभ्यास करीत राहिले. १९२६ साली त्यांनी वादळांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. वाऱ्यापेक्षा किनाऱ्यावर चढणारे पाणीच अधिक घातक, हे त्यांनी त्यात मोजमापांनिशी दाखवले. एके काळी ज्या पाण्याला भिऊ नका असे त्यांनी सांगितले होते, तेच पाणी ते पुढे जन्मभर मोजत राहिले.

शहरानेही तसेच केले. १९०४ पर्यंत सतरा फूट उंचीची, तीन मैलांहून लांब भिंत उभी राहिली. नंतर १९११ पर्यंत दोन हजारांवर इमारती जॅक लावून उचलल्या गेल्या आणि खाली वाळूचा भराव घालून सगळे शहरच उंच करण्यात आले. १९१५ साली पुन्हा प्रचंड वादळ आले, तेव्हा भिंत टिकली आणि शहरात फार थोडी माणसे दगावली. आपल्या देशात ओडिशाच्या किनाऱ्यावर १९९९ च्या वादळात सुमारे दहा हजार बळी गेले; २०१३ च्या वादळात तेथून जवळजवळ दहा लाख माणसे आधीच हलवली गेली आणि बळींचा आकडा काही दहांवर राहिला. पश्चात्ताप म्हणजे काय, हे शिकवायचे असेल तर शिक्षकांनी ही उदाहरणे जरूर सांगावीत. पश्चात्ताप म्हणजे नुसते रडणे नव्हे. जेथे कठडा नव्हता तेथे कठडा घालणे.

मी हे सर्व न्यायाधीशाच्या खुर्चीवरून लिहीत नाही. आमच्या मंडळीच्या शाळाखोलीची मागची भिंत जुनी होती. एका पावसाळ्याआधी गवंड्याने तडा दाखवून म्हटले, "साहेब, ही उतरवून घ्या." कमिटीत विषय निघाला. निधी थोडा होता. मी म्हणालो, "आपल्या आजोबांच्या वेळेपासून उभी आहे, आणखी दहा पावसाळे काढील." मी वडीलधारा, माझा शब्द राहिला. ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी रात्री ती भिंत पडली. खोलीत कोणी नव्हते. रविवारी आम्ही उपकारस्तुतीची खास उपासना केली. सर्वांनी देवाचे आभार मानले, मीही मानले. ती भिंत पडणार नाही असे कोण म्हणाले होते, हे कोणी विचारले नाही. मीही सांगितले नाही.

क्लाइन यांच्यात आणि माझ्यात फरक काय? चूक तीच: जाणत्या माणसाने खात्रीने बोलावे आणि दुसऱ्याने दाखवलेली खूण पाहू नये. फरक फक्त वाराचा, शुक्रवारऐवजी रविवार असता तर! आणि आणखी एक फरक आहे, तो माझ्या विरुद्ध जातो. क्लाइन ज्या घराला भक्कम म्हणाले त्याच घरात स्वतः बायकामुलांसह राहिले. त्या धर्मभगिनींनी दोरीचे दुसरे टोक स्वतःच्याच कमरेला बांधले. मी मात्र त्या भिंतीखाली कधी बसत नव्हतो. मुले बसत होती.

म्हणून वाचकहो, आणि विशेषतः शब्बाथशाळेच्या शिक्षकबंधुभगिनींनो, प्रामाणिकपणा हा सद्गुण खराच, पण तो दाराशीच उभा असतो. ज्याच्या शब्दावर कोणीच विसंबत नाही त्याला नुसता प्रामाणिकपणा पुरे. ज्याच्या शब्दावर लेकरे निर्धास्त होतात त्याला तो पुरत नाही. त्याने गवंड्याचे ऐकून घेतले पाहिजे, परक्याचा इशारा तोलून पाहिला पाहिजे, आणि ठाऊक नाही तेथे 'ठाऊक नाही' म्हणण्याची लाज सोडली पाहिजे. एखाद्या घरी ताप उतरत नसता 'प्रार्थना करा, डॉक्टर नको' असा सल्ला देताना, किंवा एखाद्या मुलीचे स्थळ 'माणसे चांगली आहेत' म्हणून पुढे करताना, आपण कोणाला कोणत्या भिंतीखाली बसवीत आहोत, एवढे तरी पाहावे.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. परवा उपासनेनंतर ती भेटली तेव्हा मी तिला सांगितले, "बाई, तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले होते. वाळूवरच्या घरात माणसे होती. काही वाचली, पुष्कळ गेली. आणि घर भक्कम आहे असे त्यांना कोणीतरी अगदी मनापासून सांगितले होते." ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, नव्या भिंतीला पाया किती खोल घेतलाय?"

मला सांगता आले नाही. सोमवारी सकाळी गवंड्याकडे जाऊन विचारून आलो.