पक्ष आणि साक्ष

आपल्या गावचा संघ परगावी खेळावयास निघाला म्हणजे त्याच्या मागोमाग जाणाऱ्या मंडळींकडे शहाणी माणसे काहीशा कीवेने पाहतात. स्वतः खेळावयाचे नाही, बक्षिसात वाटा नाही, मग पदरचे पैसे खर्चून धूळ खाण्यात स्वारस्य ते काय, असा त्यांचा प्रश्न असतो. आम्हीही पुष्कळ वर्षे याच मताचे होतो. परंतु गेल्या माघात परभणीच्या एका कबड्डी संघाबरोबर गंगाखेड तालुक्यातील गोदाकाठच्या एका खेड्यात जाण्याचा योग आला, आणि तेथे जे घडले त्याने आम्हांस एका निराळ्याच प्रश्नापाशी आणून सोडले.

कबड्डीचे मोठे रूप आता घरोघरी परिचित आहे. 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ज्या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले, तो 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत दाखल झाला आणि 2014 पासून व्यावसायिक लीगच्या रूपाने दिव्यांच्या झगमगाटात मॅटवर खेळला जाऊ लागला. खेड्यातील मैदानास हे वैभव ठाऊक नाही. खडे वेचून, पाणी मारून चोपलेली काळी माती, तीवर फक्कीने आखलेल्या रेषा, आणि त्या रेषांना खेटून बसलेले अवघे गाव! आम्हां आठदहा पाहुण्यांसाठी बाजूच्या रेषेलगत सतरंजी अंथरलेली होती, आणि चहा गावकऱ्यांच्या आधी आमच्याकडे आला.

फुटबॉलच्या मायदेशीही अशी लहान मैदाने आहेत. 1857 साली स्थापन झालेला शेफील्डचा क्लब जगातील सर्वांत जुना. पण तो आज मोठ्या लीगांच्या बाहेर, थोडक्या प्रेक्षकांपुढेच खेळतो. विशाल क्रीडांगणात प्रेक्षक हा गर्दीचा एक कण असतो. त्याच्या पक्षपाताने कोणाचे काही बिघडत नाही. लहान मैदानावर मात्र त्यास चेहरा असतो, आणि प्रसंगी त्याच्या शब्दास किंमतही असते. ती किंमत आम्हांस त्या दिवशी कळली.

दोन्ही संघांचे गुण सारखे झाले होते आणि शेवटची चढाई आमची होती. आमच्या गड्याने एकास स्पर्श केला, झटापटीत तो आमच्या बाजूस ढकलला गेला, आणि सावरून त्याने मध्यरेषा गाठली. पंचाने आम्हांस गुण दिला. पण पंचाच्या आणि त्या गड्याच्या मध्ये चौघे खेळाडू होते. आमच्या सतरंजीपासून हातभर अंतरावर त्याची टाच रेषेबाहेर पडली होती आणि फक्की विसकटली होती. नियमाप्रमाणे तो बाद होता, व सामना यजमानांचा होता.

गलका झाला. तेव्हा पटका बांधलेला एक वृद्ध पुढे आला, त्याने हात वर करून सर्वांस गप्प केले, आणि तो आम्हांस म्हणाला, "गुरुजी, तुमी तर रेघंपाशीच व्हते. पाय भाईर गेला का आत व्हता? तुमी म्हणाल ते आमी मानू."

आम्ही म्हणालो, "नीट दिसले नाही."

"बरं, ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आता जेवूनच जा."

परतीच्या वाटेवर सोबत्यांनी आमची बाजू उत्तम मांडली. निर्णय देणे हे पंचाचे काम. आम्ही आमच्या पोरांचे म्हणून गेलो होतो. त्यांच्याविरुद्ध बोलणे हा द्रोह झाला असता. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. ज्यास कोणाचाच पक्ष नाही त्यास खेळाची गोडी नाही, आणि कदाचित मायेचीही नाही. आपल्या माणसांविषयी अधिक वाटणे हा दोष असेल, तर प्रत्येक माता दोषी ठरेल.

परंतु कौरवसभेतील विकर्ण आठवावा. द्रौपदीच्या प्रश्नापुढे भीष्मद्रोण निरुत्तर झाले असता दुर्योधनाचा हा धाकटा भाऊ उठला आणि ती जिंकली गेलेली नाही असे त्याने सांगितले. तोच विकर्ण पुढे दुर्योधनाच्याच बाजूने लढला आणि भीमाच्या हातून पडला. त्याने पक्ष सोडला नाही आणि साक्षही चुकविली नाही. द्रोहाचा आरोप त्याच्यावर कोण करील? पक्ष कोणाचा घ्यावा हे प्रेम ठरविते; पण आपल्या डोळ्यांनी काय पाहिले, हे ठरविण्याचा अधिकार प्रेमास नाही. आम्ही ज्यास निष्ठा म्हणत होतो ती निव्वळ भीती होती. परतीच्या गाडीत आठदहा ओळखीचे चेहरे रुसतील एवढीच काय ती भीती! आणि आम्ही आयुष्यभर वर्गात नीतिशास्त्र शिकविले आहे.

अपराध केवळ यजमानांचाच झाला असेही नाही. तो चढाई करणारा मुलगा गाडीत खिडकीशी बसून राहिला, जयघोषात सामील झाला नाही. त्यास ठाऊक होते काय, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

त्या रात्री शाळेच्या ओसरीवर आम्हांस ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली ती त्याच वृद्धाने. आग्रह करताना त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. येत्या माघात संघ पुन्हा त्या गावी जाणार आहे. आम्हीही जाणार आहोत, आणि ओरडणार आहोत ते आमच्याच पोरांच्या बाजूने. पण सामना सुरू होण्यापूर्वी त्या वृद्धास गाठून, वर्षापूर्वी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे आहे.