श्रीखंड्याची कावड



आज एक प्रश्न घेऊन आपल्या दाराशी आलो आहे. त्याचे उत्तर मला देऊ नका, स्वतःलाच द्या. गेल्या वर्षभरात आपल्या गावात चार माणसे एकत्र आली असतील. त्यांनी तळ्यातला गाळ काढायला घेतला असेल, शाळेची पडकी भिंत उभी केली असेल, नाहीतर स्मशानाकडे जाणाऱ्या वाटेवर मुरूम टाकला असेल. ते काम आपण सुरू केलेले नाही. ते पुरे झाल्यावर आपले नाव कोठे लागणार नाही. त्या कामाला आपला हात लागला का?

हा प्रश्न समोर आला नव्हता तोवर मी स्वतःला बरा वारकरी समजत होतो. माळ आहे, एकादशी आहे, रोज हरिपाठ आहे. दिंडीच्या अन्नदानाला दरवर्षी गव्हाचे पोते जाते. पण काही वर्षांपूर्वीच्या एका वैशाखात माझी परीक्षा झाली, आणि मी त्यात उतरलो नाही. ती हकीकत आधी सांगतो, कारण पुढचे बोलण्याचा अधिकार मला त्या चुकीनेच दिला आहे.

आमच्या गावाशेजारी जुने तळे आहे. वर्षानुवर्षांच्या गाळाने ते उथळ झाले होते. गावातल्या दहाबारा पोरांनी वर्गणी गोळा केली, जेसीबी आणला आणि गाळ काढायला सुरुवात केली. गाळ वाहून न्यायला ट्रॉल्या कमी पडत होत्या. पोरे माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, दोन दिवस ट्रॅक्टर-ट्रॉली द्या. डिझेल आमचं." मी म्हणालो, "वारी तोंडावर आलीय रे. दिंडीच्या सामानाला ट्रॉली लागंल." हे खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. दिंडी निघायला अजून तीन आठवडे होते. खरी गोष्ट अशी की त्या पोरांचा जो म्होरक्या होता, त्याच्या वडिलांशी माझा बांधावरून वाद होता. त्यांच्या पोराने काढलेल्या कामाला माझी ट्रॉली कशी जाईल, हे मनात होते. आणि त्या मनाने वारीची ढाल पुढे केली.

पंढरीच्या वाटेवर फलटणच्या पुढे एका वस्तीवर आम्ही दुपारी टेकलो. एक म्हातारी माय विहिरीचे गार पाणी तांब्यातांब्याने वाटत होती. ती सांगत होती, की विहीर आटायची, मग सगळ्या वस्तीने मिळून ती खोल केली, वरच्या ओढ्यावर बांध घातला, आणि आता वाऱ्या येतात तेव्हा पाणी पाजायला लाज वाटत नाही. मग तिने सहज विचारले, "तुमच्या गावाला पानी कसं हाय, माऊली?" मी तांब्या तोंडाला लावला होता. उत्तर देता आले नाही.

त्या रात्री मुक्कामात मी हिशेब मांडला. माझ्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास गाळ बसतो. ब्रास म्हणजे १०० घनफूट. तेवढी जागा तळ्यात रिकामी झाली, की एकदा तळे भरले म्हणजे सुमारे २,८०० लिटर पाणी तेथे जास्तीचे थांबते. दिवसाला दहा खेपा धरल्या तर दोन दिवसांच्या वीस. म्हणजे ५६,००० लिटर. दहा हजार लिटरचे पाचसाडेपाच टँकर, आणि तेही एका वर्षाचे नव्हेत. गाळ पुन्हा भरेपर्यंत दर पावसाळ्याचे. एवढे पाणी मी बांधावरच्या हातभर जमिनीसाठी नाकारले होते, आणि वर विठ्ठलाचे नाव सांगितले होते.

आता आपण नाथांच्या घरी जाऊ. श्रीखंड्याची कथा आपल्यापैकी कोणाला माहीत नाही? बारा वर्षे द्वारकाधीश पैठणला नाथांच्या वाड्यात गोदावरीचे पाणी भरत राहिला, चंदन उगाळत राहिला. पैठणला तो रांजण आजही दाखवतात. आपण ही कथा नाथांच्या भक्तीची थोरवी म्हणून ऐकतो, आणि ती तशीच आहे. पण ती दुसऱ्या बाजूनेही ऐकून पाहा. घर नाथांचे. अन्नदानाचा संकल्प नाथांचा. लोक येत ते नाथांचे नाव घेत. देवाने तेथे काय केले? त्याने नवे अन्नछत्र काढले नाही. दुसऱ्याने चालवलेल्या कामात जे कमी पडत होते, म्हणजे पाणी, ते त्याने खांद्यावर घेतले. तेही नाव बदलून. ओळख पटली तेव्हा तो निघून गेला, असे परंपरा सांगते.

जनाबाईच्या जात्याचेही तेच. दळण जनीचे, हात देवाचा. सावतोबांचा मळा सावतोबांचा. आपल्या संतचरित्रांत देव वारंवार दुसऱ्याच्या कामाला हात लावायला येतो. मग त्याच्या भक्ताला दुसऱ्याच्या कामाला हात लावताना एवढा संकोच का व्हावा?

मला वाटते, याचे कारण असे आहे. दान देणे सोपे आहे, कारण देणारा वर राहतो. काम स्वतः सुरू करणेही त्या मानाने सोपे आहे, कारण ते आपले असते. अवघड आहे ते दुसऱ्याने मांडलेल्या कामात दुसऱ्या रांगेत उभे राहणे. तेथे अहंतेला बसायला पाटच मिळत नाही. फलाशा सोडावी असे आपण प्रवचनात ऐकतो. फळ नेमके कोणते? बहुतेक वेळा ते पैसा नसते. 'हे मी केले' असे म्हणता येणे, हेच ते फळ असते.

खरे तर ही दुसरी रांग आपल्याला शिकवायला नको. आपण दिंडीत चालतो. तेथे एकजण चाल धरतो आणि बाकीचे ती उचलतात. धरणाऱ्याचा गळा कितीही गोड असो, मागच्यांनी उचलली नाही तर दोन कडव्यांत त्याचा घसा कोरडा पडतो. आपण कधी म्हणतो का, की ही चाल माझी नाही, मी टाळ वाजवणार नाही? गावात कोणीतरी चाल धरलेली आहे, माऊली. ती उचलणारे टाळकरी कोठे गेले?

काही माऊली म्हणतील, आमचे साधन नामस्मरण. ही रस्त्या-तळ्यांची कामे म्हणजे प्रपंच. त्यांना गाडगेबाबांची आठवण करून देतो. बाबा गावात येत ते हातात खराटा घेऊन. दिवसभर गाव झाडत, आणि रात्री त्याच गावात कीर्तन करून लोकांच्या मनातली घाण झाडत. पंढरपुरात, आळंदीत, देहूत, नाशिकला त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, त्या लोकांनी दिलेल्या पैपैशातून. स्वतः मात्र फुटक्या गाडग्यात खाल्ले. ज्यांना पंढरीत कोणी ओसरी देत नव्हते, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. उभे करायचे आणि सोपवून पुढे निघायचे. आता सांगा, खराटा कोठे संपला आणि भजन कोठे सुरू झाले?

राळेगणसिद्धीचेही उदाहरण पाहा. अण्णा हजारे १९७५ साली लष्करातून गावी परतले, तेव्हा यादवबाबांच्या मंदिराची लाकडेसुद्धा दारूच्या भट्ट्यांत गेलेली होती. त्यांनी आपल्या भविष्यनिर्वाह निधीतून आधी मंदिर दुरुस्त केले. लोक मंदिरात जमले, आणि जमलेल्या लोकांनी मग नाला, बांध, झाडे हाती घेतली. त्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात ग्रामसभा दरवर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची ते ठरते. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हे गावाने स्वतःवर घातलेले बंधन आहे. एकादशीला आपण पोट आवरतो. त्या गावाने जमिनीतल्या पाण्यासाठी आपली हाव आवरली. मला हे दोन्ही उपास एकाच जातीचे वाटतात.

दुसरे म्हणतात, ही सरकारची कामे आहेत. आपण केली तर सरकार मोकळे सुटेल. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते झटकून टाकू नये. कर आपण भरतो, रस्ता आणि पाणी मागणे हा आपला हक्क आहे. पण अनुभव असा, की ज्याने गाळ उपसला आहे तोच ग्रामसभेत उभा राहून अंदाजपत्रक मागू शकतो. बांध किती फुटांचा, दगड कोणता, खर्च किती, हे त्याला हाताने कळलेले असते. घरी बसलेल्याची मागणी तक्रार ठरते. म्हणून २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांना जाणे, हाही मी या सेवेचाच भाग मानतो. तेथे आपण कितीजण जातो?

तिसरे म्हणतात, वर्गणीचा हिशेब कोण देणार? हिशेब जरूर मागावा. दिंडीचा जमाखर्च आपण वाचून दाखवतो, तसा या कामाचाही चावडीवर लागला पाहिजे. फक्त पाहावे, की आपण हिशेब मागतो आहोत तो काम नीट व्हावे म्हणून, की न देण्याला कारण मिळावे म्हणून. मी वारीचे कारण सांगितले होते. आणखी कोणी हिशेबाचे सांगेल. कारणे वेगळी असली तरी कुलूप एकच असते.

मात्र एका जागी थांबून विचार करायलाच हवा, आणि ती जागा मंगळवेढ्याची आहे. चोखोबा तेथे गावकुसाच्या कामावर होते. बांधकाम कोसळले आणि त्याखाली ते गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणून महाद्वारी समाधी दिली. गावकूस कोणासाठी असते? आत राहणाऱ्यांच्या रक्षणासाठी. ते रचणारा चोखोबा मात्र कुसाबाहेर राहत होता. 'गावाचे काम' या शब्दात किती लबाडी मावू शकते, ते या एका प्रसंगात दिसते.

आजही पाहा. तळ्याचा गाळ उपसायला भूमिहीन माणूस येतो, श्रमदान करतो. गाळ मात्र जमीनवाल्याच्या शेतात पडतो, आणि पाणी वाढते ते त्याच्याच विहिरीत. म्हणून पाठिंबा द्यायचा तो डोळे उघडे ठेवून. नळ शेवटच्या वस्तीपर्यंत जातो का? बैठकीत बाया बोलतात का, की नुसता चहा करतात? पिण्याच्या पाण्याची विहीर आधी, की कोणाच्या उसाची? हे प्रश्न विचारणारा त्या कामाचा शत्रू नव्हे, त्याचा खरा सोबती आहे. १९४७ साली साने गुरुजी पंढरीत उपोषणाला बसले, ते मंदिराच्या विरोधात नव्हे. मंदिर सर्वांचे व्हावे म्हणून. तसेच हे. चोखोबांना कुसाच्या आत घेणारे काम असेल तर सर्वस्व द्या. तसे नसेल, तर आधी ते तसे व्हावे म्हणून आत शिरून भांडा. पण बाहेर उभे राहून नुसते बोट दाखवू नका.

माझी हकीकत अर्धी राहिली आहे. त्या वर्षी काला घेऊन घरी परतलो तोवर पाऊस झाला होता. पोरांनी जमेल तेवढा गाळ काढला होता. तळ्याचा पूर्वेकडचा कोपरा तसाच उथळ राहिला होता, आणि त्यात पाण्याऐवजी चिखलच दिसत होता. त्या पोरांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरे वाटले असते.

पुढच्या वैशाखात मी न बोलावता ट्रॉली घेऊन गेलो. त्या पोराचे वडील तेथेच होते. आमची नजरानजर झाली. ते काही बोलले नाहीत, पुढे आले आणि ट्रॉलीचा फाळका पाडून धरला. आमचा बांधाचा वाद अजून मिटलेला नाही. तो मोजणीचा प्रश्न आहे आणि मोजणीनेच सुटेल. पण त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून अकरा खेपा टाकल्या. दुपारी भाकरी सोडल्या तेव्हा त्यांनी ठेचा माझ्याकडे सरकवला. चंद्रभागेच्या वाळवंटात उराउरी भेटतानासुद्धा मला तसे हलके कधी वाटले नव्हते.

माऊली, पसायदानात ज्ञानोबारायांनी स्वतःसाठी काही मागितले नाही; जे मागितले ते सर्वांसाठी. आपण ते रोज म्हणतो. या वर्षी वारीला निघण्यापूर्वी एक दिवस काढा. आपल्या गावात कोणी काय काम धरले आहे ते पाहून या. विशेषतः ज्याच्याशी आपले पटत नाही, त्याने काय धरले आहे ते पाहा. तेथे काय कमी पडते ते विचारा. पैसा असो, ट्रॉली असो, दोन तास असोत, नाहीतर ग्रामसभेत वर केलेला एक हात असो. जे कमी असेल ते द्या, आणि आपले नाव तेथे सांगू नका.

वाटेवर मग कोणी माय तांब्या पुढे करील आणि विचारील, तुमच्या गावाला पाणी कसे आहे. तेव्हा आपल्याला खाली पाहावे लागू नये, एवढीच विठ्ठलचरणी विनंती.

राम कृष्ण हरि.