अर्धवट वस्तूची पुरी किंमत



गेल्या रविवारी मिस्सेनंतर गायकवृंदातील एका तरुणाने आम्हाला गाठले. कर्ज काढून त्याने परदेशी संगीतयंत्र घेतले आहे. ते संगणकाला जोडून प्रत्येक वाद्याचा आवाज वेगवेगळा ध्वनिमुद्रित करता येईल, अशी जाहिरात होती. त्यासाठीचे सॉफ्टवेअर मात्र अर्धवट. मध्येच बंद पडते. आता त्याचेही पैसे मागतात. "फादर, सातवी आज्ञा इथे लागू होत नाही का?"

अर्धवट सॉफ्टवेअरची गोष्ट नवी नाही. स्वीडनच्या इलेक्ट्रॉन कंपनीचे डिजिटॅक्ट हे यंत्र २०१७ मध्ये विक्रीला आले. ते संगणकाशी जोडणारे ओव्हरब्रिज सॉफ्टवेअर मिळेल, असे सांगितले होते. ग्राहकांना वर्षाहून अधिक काळ थांबावे लागले आणि मग हाती आली ती चाचणीची आवृत्ती. तिचे वेगळे पैसे घेतले नाहीत, हे खरे. पण ज्या सोयीच्या भरवशावर यंत्र खपते, तिची किंमत यंत्राच्या किमतीतच असते. तिच्यासाठी पुन्हा पैसे मागणे म्हणजे एकाच वस्तूचे दोनदा घेणे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी घोड्याचे उदाहरण घेतले होते. घोडा एकाक्ष आहे हे उघड दिसत असेल आणि किंमतही त्या मानाने कमी असेल, तर विक्रेत्याने ते मुद्दाम सांगायला नको. नुकसान करणारा लपलेला दोष मात्र सांगायलाच हवा. 'हे अपुरे आहे' असे स्पष्ट सांगून कोणी कमी भावात विकले आणि कलाकाराने समजून-उमजून घेतले, तर आमची तक्रार नाही.

अडचण पुढेच आहे. विकणारे लबाडच असतात असे नाही. सहा महिन्यांत काम होईल, असे त्यांना मनापासून वाटत असते. (आमच्या सभागृहाच्या छपराचे कंत्राटदारही असेच मनापासून बोलत.) संत थॉमस सांगतात, नकळत सदोष वस्तू विकली तर पाप नाही, पण दोष कळल्यावर भरपाई करणे बंधनकारक आहे. हेतू शुद्ध असला तरी देणे फिटत नाही. सॉफ्टवेअर कधीच पूर्ण होत नसते, असे म्हणतात. मान्य. पण पुढची सुधारणा वेगळी आणि कबूल केलेली वस्तू वेगळी.

'चोरी' हा शब्द आत्ताच नको, असे आम्ही त्या तरुणाला सांगितले. आधी पत्र लिहून दोष कळव. पैसे परत की पक्की तारीख, ते विचार. तो म्हणाला, "लिहितो, फादर. लग्नाच्या ऑर्डरी नाताळानंतरच्या आहेत. हप्ता मात्र येत्या पाच तारखेला आहे."