होडी कोण वल्हवत होते?



रात्री दोन वाजता ज्याचे डोळे टक्क उघडे असतात, त्याचा विश्वास कमी पडला असे म्हणायचे का? प्रश्न विचित्र वाटेल. पण २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत तो आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांत मनातल्या मनात विचारला गेला. देवावर भार टाकला आहे, तर मग झोप का येत नाही? आणि झोप येत नसेल, तर आपली प्रार्थना वरवरची आहे का? ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. हा प्रश्न मात्र मागे राहिला आहे, आणि काही घरांत हरवलेली झोपही अजून परतलेली नाही. म्हणून आज त्याकडे जरा शांतपणे पाहू या.

ते दिवस आठवा. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. लोकल त्याआधीच थांबल्या होत्या. रुळांच्या कडेला राहणाऱ्या ज्या माणसांना आयुष्यभर गाडीच्या धडधडीत गाढ झोप लागली, त्यांना आता शांततेने जाग येऊ लागली. त्या शांततेत एकच आवाज उरला होता, तो रुग्णवाहिकेचा. मरोळचे सेव्हन हिल्स रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवले गेले, गोरेगावला नेस्कोच्या जागेत आणि पुढे मुलुंडला मोठी केंद्रे उभी राहिली. गाडी कोणत्या दिशेला गेली यावरून लोक अंधारात अंदाज बांधत पडून राहत.

घरातही झोपेची घडी मोडली. आपल्या चाळींतील आणि झोपडपट्टीतील खोल्या पाळीपाळीने वापरल्या जातात. वडील रात्रपाळीला गेले की मुलांना हातपाय पसरायला जागा मिळते, मुले शाळेत गेली की वडील झोपतात. टाळेबंदीत सगळे एकदम घरात आले. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, एक पंखा, आणि पुढच्या महिन्याचे भाडे कुठून द्यायचे याची चिंता. अशा खोलीत झोप न येणे हा विश्वासाचा प्रश्न नव्हता, जागेचा आणि भाकरीचा होता.

शरीराचेही स्वतःचे काही नियम आहेत, आणि ते देवानेच घालून दिलेले आहेत. आपल्या आत एक घड्याळ चालते, आणि रोज सकाळच्या उजेडाने ते लावले जाते. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते, हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दिवसभर दार बंद, कामाला जाणे नाही, शाळेची घंटा नाही, रविवारच्या मिस्साची वेळ नाही. मग घड्याळ चुकणारच. झोप बिघडली की प्रकृतीही बिघडते. अमेरिकेत शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५३ निरोगी माणसांना सर्दीच्या विषाणूचे थेंब देऊन पाहिले. जी माणसे सात तासांपेक्षा कमी झोपत होती, त्यांना सर्दी होण्याचे प्रमाण आठ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाले. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे रोगाची भीती झोप घालवते आणि गेलेली झोप रोगाला दार उघडून देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार महासाथीच्या पहिल्याच वर्षात चिंता आणि नैराश्य यांच्या आजारांत जगभर २५ टक्क्यांची भर पडली. एवढी सगळी माणसे एकाएकी अश्रद्ध झाली, असे कोण म्हणेल?

तरी आम्ही तसे म्हटले. ही कबुली द्यायलाच हवी. टाळेबंदीत आम्ही काही जण धर्मग्रामातील घरांना फोन करून विचारपूस करीत होतो. उपनगरातील एका रुग्णालयात परिचारिका असलेली एक ताई रात्रपाळीहून आली होती. म्हणाली, दिवसा डोळा लागत नाही, डोळे मिटले की खाटा दिसतात. आम्ही तिला धीर देण्यासाठी म्हटले, "ताई, विश्वास ठेवा. वादळातसुद्धा प्रभू येशू होडीत झोपला होता." ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "खरं आहे. पण मला एवढंच सांगा, तेव्हा होडी कोण वल्हवत होतं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. २२ मार्चला तिच्या इमारतीत सर्वांनी टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या होत्या. त्याच इमारतीत पुढे तिला लिफ्ट वापरू नका असे सांगण्यात आले. रात्रभर जागून आलेल्या बाईला दुपारी झोपता यावे म्हणून जिन्यातला गोंगाट थांबवावा, तिच्या मुलांना दोन तास सांभाळावे, हे कोणालाच सुचले नाही. आम्हांलाही सुचले नाही. आम्ही तिला फक्त उपदेश केला.

तिच्या प्रश्नाने आम्हांला संत मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय पुन्हा उघडायला लावला. हाच उतारा २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस यांनी पावसात भिजलेल्या, रिकाम्या संत पेत्राच्या चौकात निवडला होता. आपण सर्व एकाच होडीत आहोत, हे त्यांनी त्या दिवशी जगाला सांगितले. आपल्यापैकी अनेकांनी ते मोबाइलवर पाहिले आणि डोळे पुसले. पण त्या होडीत कोण काय करत होते, इकडे आमचे लक्ष गेले नव्हते.

येशू दिवसभर लोकांना शिकवून थकला होता. संध्याकाळ झाली होती. शिष्यांनी त्याला होता तसाच होडीतून नेले आणि तो मागच्या बाजूला उशीवर झोपी गेला. त्याची झोप पित्यावरील विश्वासाची होती, यात शंका नाही. पण ती मित्रांवरील विश्वासाचीही होती. शिमोन, आंद्रिया, याकोब, योहान हे हाडाचे कोळी. होडी त्यांच्या हातात सोपवून तो झोपला. आपल्या वेसाव्याच्या कोळी बांधवांना विचारा. समुद्रावर सगळे एकदम झोपत नाहीत. तांडेल आडवा झाला तर सुकाणूवर दुसरा कोणीतरी बसतो. एकाची झोप दुसऱ्याच्या जागण्यावर उभी असते.

पुढचा क्रमही पाहण्यासारखा आहे. वादळ शिष्यांच्या हाताबाहेर गेले तेव्हा त्यांनी येशूला उठवले. तो उठला. मार्क सांगतो की येशूने आधी वारा आणि समुद्र शांत केला, आणि त्यानंतर शिष्यांना त्यांच्या भीतीबद्दल आणि विश्वासाबद्दल विचारले. पाणी आत येत असताना त्याने त्यांची परीक्षा घेतली नाही. आम्ही त्या ताईच्या बाबतीत हा क्रम उलटा केला. वादळ तसेच ठेवले आणि विश्वासाचा प्रश्न आधी विचारला.

कोणी म्हणेल, मग झोप न येण्यात माणसाचा काहीच दोष नसतो का? असतो, कधी कधी. जागरणे सारखी नसतात. एक जागरण सेवेचे असते. परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार, इमारतीचे वॉचमन, त्या महिन्यांत बेस्टच्या बसगाड्या चालवणारे चालक, यांनी आपली झोप दुसऱ्याला दिली. दुसरे जागरण भयाचे आणि दुःखाचे असते. ते अंगावर येते, कोणी ते निवडत नाही. तिसरे मात्र आपण स्वतः ओढवून घेतो. मध्यरात्रीपर्यंत मोबाइलवर मृतांचे आकडे पाहत राहणे, खरे-खोटे संदेश न वाचताच पुढे धाडणे, आणि आपल्याबरोबर दहा घरांची झोप उडवणे. या तिसऱ्याबद्दल पश्चात्ताप करायला हवा, आणि ती सवय आजही सुटलेली नाही. पण दुसऱ्या प्रकारच्या माणसाला तिसऱ्याचा उपदेश करणे अन्यायाचे आहे.

दुःख माणसाच्या झोपेचे काय करते, हे पवित्र शास्त्राला ठाऊक आहे. गेथशेमाने बागेत शिष्य झोपले ते दुःखामुळे, असे संत लूक लिहितो. निराश झालेला एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली मरण मागत झोपी गेला. देवदूताने त्याला जागे केले ते भाकर आणि पाणी देण्यासाठी, आणि मग पुन्हा झोपू दिले. देवाचे बोलणे त्यानंतर आले. आणि स्वतः प्रभूने त्या शेवटच्या रात्री मित्रांकडे काय मागितले? फक्त तासभर सोबत जागणे. जो देवाचा पुत्र होता, त्यालाही एकट्याने जागणे जड गेले.

महासाथीने आपल्यापासून नेमके हेच हिरावून घेतले, एकमेकांसाठी जागणे. आपल्याकडे मरण झालेल्या घरी रात्री माणसे जमतात, जपमाळ होते, काळा चहा फिरतो, आणि घरच्यांना थोडा वेळ आडवे होता येते. त्या काळात अंत्यविधीला वीसपेक्षा जास्त माणसांना परवानगी नव्हती. काहींना आपल्या माणसाचा चेहराही पाहता आला नाही. काही कुटुंबांनी दहनाचा मार्ग स्वीकारला. ख्रिस्तसभेने १९६३ सालीच त्याला मुभा दिलेली आहे, तरीही त्यांच्या मनाला टोचणी लागून राहिली. ज्यांच्या मृतासाठी कोणी जागले नाही, ती माणसे पुढे कित्येक रात्री एकटीच जागत राहिली. आजही जागतात.

आपल्या भागाला साथ नवी नाही. आज सीप्झच्या आवारात असलेले संत जॉन बाप्तिस्ताचे जुने चर्च १८४० मध्ये साथीमुळेच सोडावे लागले आणि भाविक मरोळला आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवीतील पहिले रुग्ण ओळखले ते डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या ख्रिस्ती डॉक्टरांनी. त्या वर्षांत वांद्र्यापासून उपनगरांतील अनेक गावठाणांत क्रूस उभे राहिले. आजही त्यांच्यापुढे मेणबत्त्या लावल्या जातात. आपले पूर्वज औषधाला दुबळे होते, पण संध्याकाळी क्रूसापाशी जमत होते. आपल्याकडे २०२० मध्ये औषधोपचार जास्त होते, पण चर्चचे दार बंद होते. ते १६ नोव्हेंबर २०२० ला उघडले, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाले आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडले. पुन्हा एकत्र येता येऊ लागले याची किंमत आपण अजून ओळखली आहे का?

प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात एक रात्र आहे. हेरोदाने पेत्राला तुरुंगात टाकले आहे, उद्या त्याला लोकांपुढे काढायचे आहे, आणि पेत्र दोन शिपायांच्या मध्ये, साखळ्यांनी बांधलेला, गाढ झोपला आहे. आम्ही पूर्वी याकडे केवळ पेत्राच्या धैर्याचा दाखला म्हणून पाहत होतो. पण त्याच रात्री मार्क म्हटलेल्या योहानाच्या आईच्या घरी पुष्कळ माणसे जमून प्रार्थना करीत होती. पेत्र झोपला होता आणि ख्रिस्तसभा जागी होती. आम्हांला वाटते, आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. झोप ही विश्वासाची देणगी आहे, पण तो विश्वास एकट्याचा नसतो. कोणीतरी जागे आहे, एवढे ठाऊक असले की माणूस झोपू शकतो.

म्हणून ज्याला झोप येत नाही त्याला विचारण्याचा पहिला प्रश्न विश्वासाचा नसावा. "तुमचा कोणता भार आज रात्री आम्ही उचलू?" हा असावा. रात्रपाळी करणाऱ्या शेजाऱ्याच्या दारापाशी दुपारी आवाज न करणे ही लहान गोष्ट नाही. आजारी माणसाजवळ एक रात्र बसून घरच्यांना झोपू देणे ही करुणेची कृती आहे. ज्यांचे अंत्यविधी घाईत उरकले, त्यांच्यासाठी स्मरणाची मिस्सा सांगून घरी जपमाळ म्हणायला आजही उशीर झालेला नाही. आणि महिनोन् महिने झोप येत नसेल, कोविडनंतरचा थकवा गेला नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. वैद्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे, हे सिराखच्या ग्रंथात, ३८ व्या अध्यायात सांगितले आहे. मन फार जड झाले तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येते. यात कमीपणा काही नाही.

पोप फ्रान्सिस आपल्या टेबलावर झोपलेल्या संत योसेफाची मूर्ती ठेवत आणि अडचण आली की चिठ्ठी लिहून तिच्याखाली सरकवत, हे त्यांनी २०१५ साली मनिला येथे सांगितले होते. आपणही एक चिठ्ठी लिहू या. पण ती लिहिताना त्यात एका शेजाऱ्याचेही नाव घालू या, ज्याच्यासाठी आपण जागणार आहोत.

हे प्रभो, आज रात्री जे जागे आहेत त्यांच्याजवळ राहा. जे दुसऱ्यांसाठी जागतात त्यांना बळ दे, जे दुःखाने जागतात त्यांना सोबत दे. आणि आम्हांला झोप लागली असेल, तर आमची होडी कोण वल्हवत आहे याचा आम्हांला विसर पडू देऊ नकोस. आमेन.