मस्टरवरचं माहेरचं नाव

गेलेल्या माणसानं जी गोष्ट जन्मभर लपवली, ती मागे राहिलेल्यांनी सांगावी का? ती गोष्ट आपल्याला अभिमानाची वाटत असली तर? आजीच्या वर्षश्राद्धाला एक छोटी स्मरणिका काढायची ठरली, लिहायचं काम माझ्याकडं आलं, आणि हा प्रश्न आमच्या घरात उभा राहिला. मी लिहिलेलं पान आत्यानं दोनदा वाचलं आणि परत माझ्यापुढं ठेवलं.

पानावर होतं ते असं. १९७२ चा पाऊस गेला, विहीर आटली, बैल विकावे लागले, आणि पुढच्या उन्हाळ्यात आजी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. घर पाटीलकीचं. त्या घरची सून कामावर जाते हे गावाला कळू नये म्हणून तिनं जवळचं काम सोडून लांबचं धरलं आणि मस्टरवर आडनाव लावलं ते माहेरचं. डाव्या अंगठ्यावर हातोडी बसली. नख मधोमध चिरलं, ते पुढं कायम दोन फाकांतच वाढत राहिलं. कुणी विचारलं की ती म्हणायची, "उखळात सापडलं."

"हे काढ," आत्या म्हणाली.

"का? यात लाजण्यासारखं काय आहे?"

"काहीच नाही. पण हे सांगताना ती तुला आणखी काय म्हणाली होती?"

"कुठं बोलू नको, म्हणाली होती."

"मग?"

"आत्या, ते भीतीपोटी होतं. आजोबांची भीती, भावकीची भीती. आजोबा गेले, भावकीतलं कुणी गावात राहिलं नाही. ज्यासाठी गप्प बसायचं ते कारणच संपलं, तर बंधन कसलं?"

"कारण संपलं हे तू ठरवलंस. तुझे आजोबा गेल्यावर ती कितीतरी वर्षं जगली की. तेव्हा तिला कुणाची भीती होती? तरी उखळाचं सांगणं तिनं सोडलं नाही."

याला उत्तर देणं सोपं नव्हतं. मी दुसरीकडून सुरुवात केली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. एरवी ज्यांच्या शेतावर मजूर राबायचे, असे शेतकरीही त्यांत होते. त्या कामांच्या अनुभवातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम देणं हे सरकारवर बंधनकारक झालं, त्यामागं खडीच्या ढिगाऱ्यांपाशी उन्हात बसलेल्या अशा बायका होत्या. "त्या ५० लाखांतलं एक माणूस आपल्या घरातलं होतं. ते आपणच पुसून टाकायचं? मग इतिहासात फक्त रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे राहतील, आजी राहणार नाही."

"इतिहासाला तिची गरज आहे, हे मला मान्य आहे," आत्या म्हणाली. "पण इतिहासाला गरज आहे म्हणून तिच्या मुठीतलं काढून घ्यायचं का? तिच्या जिवंतपणी तू तिची पेटी तिला न विचारता उघडली असतीस?"

"लक्ष्मीबाई टिळकांनी सासऱ्याचा जाच लिहिला, नवऱ्याचा संताप लिहिला. 'स्मृतिचित्रे' आली म्हणून आपल्याला त्या काळचं घर आतून दिसलं."

"लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहिलं. काय सांगायचं आणि कुठं थांबायचं, ते त्यांच्या हातात होतं." आत्यानं तीस वर्षं मराठी शिकवलं आहे, तिच्यापुढं पुस्तकाचं नाव घेताना सावध राहावं लागतं. "आईला तर सहीपुरतंच लिहिता यायचं."

"म्हणजे ज्यांना लिहिता येतं त्यांचंच आयुष्य उरणार? जात्यावरच्या ओव्या बघ. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, गाणाऱ्या बायकांच्या नावांसकट. त्यांतल्या किती जणींना लिहिता येत होतं?"

"त्या बायका समोर बसून गायल्या. आपलं नाव त्यांनी आपल्या तोंडानं सांगितलं. आणि आईनं काय केलं? मस्टरवरसुद्धा नाव झाकलं."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "दहाव्याला कावळा शिवत नव्हता. तेव्हा सगळे हात जोडून काय म्हणालो आपण? तुझ्या मनात असेल तसं करू."

कावळ्यावर माझा विश्वास नाही. पण शब्द दिला होता, आणि मीही दिला होता. गेलेल्या माणसाची इच्छा आपण खरोखर मानतो. तिला आवडायची म्हणून पानात शेपूची भाजी वाढतो, तिला चालायचा नाही म्हणून कांदा-लसूण टाळतो. मग भाजीच्या बाबतीत जिचं मन मोडवत नाही, तिचं एवढं मोठं म्हणणं मोडायचं ते कोणत्या न्यायानं? माझ्या मते अभिमानाच्या न्यायानं तर नक्कीच नाही. अभिमान माझा होता. मला खडी फोडणारी आजी हवी होती, आणि तिला पाटलांची सून म्हणून जायचं होतं.

तरीही एक गोष्ट मला पटेना, अजूनही पटत नाही. आजीच्या गप्प राहण्याचा फायदा आजीला फारसा झालाच नाही. झाला तो आजोबांच्या नावाला. बायको लांबवर दगड फोडत असताना ते ओसरीवर बसून होते, हे त्या मौनानं झाकलं गेलं. एखादं मौन दुसऱ्याच्या अब्रूसाठी पाळलेलं असेल, तर ते पुढच्या पिढीनंही पाळत राहणं म्हणजे तोच अन्याय चालू ठेवणं. मी हे आत्याला बोलून दाखवलं.

ती रागावली नाही. "असेल तसं," म्हणाली. "पण माझा बाप झाकायला म्हणून मी हे काढायला सांगत नाही. तू एक विसरतेस. मी पण तिथं होते."

हे मला माहीत नव्हतं. आत्या तेव्हा सहा-सात वर्षांची. आजी तिला बरोबर घेऊन जायची, म्हणजे शेजारणींना वाटावं मायलेकी माहेरी निघाल्यात. कामावर सुकडी वाटायचे. कोरडी, गोडसर, दाताला चिकटणारी. आत्या भांडं घेऊन रांगेत उभी राहायची, पुढं कुणाची आणि मागं कुणाची पोरं आहेत हे कुणी बघत नव्हतं. घरी तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी, ती थापतानाच तुटायची. संध्याकाळी परतताना आजी ओढ्याच्या कोरड्या पात्रात थांबून पदरानं पोरीचं तोंड पुसायची, गालाला लागलेली सुकडी राहायला नको म्हणून.

"ही आठवण तिची नाही, माझी आहे," आत्या म्हणाली. "मला कुणी गप्प बस म्हटलं नव्हतं, मी आपणहून बसले. पन्नास वर्षं. वर्गात दुष्काळावरचा धडा शिकवतानासुद्धा बोलले नाही. हे तू लिही, माझ्या नावावर. रांगेत उभी राहिलेली पोर मी होते. ती कुणाचा हात धरून गेली हे वाचणाऱ्याला कळायचं तर कळेल."

"ही पळवाट झाली, आत्या."

"नाही. तिचं तिनं झाकलं, ते झाकलेलं राहू दे. माझं मी उघडते. त्यात ती दिसणारच, आई आहे माझी. पण बोलणारी मी आहे, आणि मी अजून आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारता येईल."

मला वाटतं तिचं बरोबर आहे. कुणाही माणसाचं आयुष्य एकट्याच्या मालकीचं नसतं, पण प्रत्येकानं आपल्या वाट्याचंच सांगावं. स्मरणिकेत खडीचा उल्लेख नाही. आत्याच्या सहीचं एक पान आहे, सुकडीच्या रांगेचं. हा लेखही मी तिच्या परवानगीनं लिहिला आहे. आजीचं नाव आणि गाव यात नाही.

१९७३ साली पंचविशीत असलेल्या बायका आता पंचाहत्तरीच्या पुढं आहेत. तुमच्या घरात अशी कुणी असेल तर या आठवड्यात तिच्यापाशी बसा आणि त्या वर्षाचं विचारा. ती सांगेल ते नीट ऐका. आणि उठायच्या आधी तिला एवढं जरूर विचारा, की यातलं काय आम्ही पुढं सांगू, आणि काय नको.