उचंत खातं

आमच्या घरी रोज रात्री साडेआठ वाजता कौटुंबिक उपासना होते. ‘होते’ हे क्रियापद मी थोडं उदार मनानं वापरलंय. साडेआठला मी हाक मारतो. आठ चाळीसला बायको हात पुसत येते. पावणेनऊला मुलं एकमेकांना ढकलत येऊन बसतात, आणि नऊच्या आत सगळ्यांना ‘आमेन’पर्यंत पोचवण्याची जबाबदारी माझ्यावर पडते. वीस वर्षं कॅश काउंटरवर काढल्यामुळे रांग हलवण्याचं कसब अंगात मुरलेलं आहे. एक गीत, अर्धा अध्याय, एक प्रार्थना. चला, पुढचे.

माझ्या वडिलांची पद्धत निराळी होती. आम्ही मूळचे नगरचे. (२०२४ पासून त्याचं अहिल्यानगर झालं, पण जीभ अजून जुन्याच शिक्क्यावर चालते.) अमेरिकन मराठी मिशननं १८३१ साली तिथं बस्तान बसवलं, १८४२ साली तिथूनच ‘ज्ञानोदय’ निघालं, आणि पुढं रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणून बसवलं. अशा गावची उपासना म्हणजे पेटी, झांजा आणि वडिलांचा खडा आवाज. तास-सव्वा तास सहज जाई. कुणी पेंगलं की वडील त्याच्याकडे बघत आवाज एक पट्टी चढवीत. घड्याळाकडे बघायची सोय नव्हती, कारण घरातलं एकमेव घड्याळ वडिलांच्या मनगटावर होतं.

तर आमची मुलं दोन. थोरली कृपा, वय अकरा. धाकटा शांतवन, वय आठ. ही नावं आम्ही मोठ्या आशेनं ठेवली. शांतवनानं आजवर कुणाचं सांत्वन केल्याची नोंद नाही. तो कृपाचे खडू मोडतो, तिचं खोडरबर दातानं कुरतडतो, आणि तिनं भूगोलाच्या वहीत मन लावून काढलेल्या नकाशात श्रीलंकेला मिशा काढतो. या सगळ्याची तक्रार नेमकी आठ पन्नासला दाखल होते. मग मी निकाल देतो. “शांतवन, सॉरी म्हण. कृपा, माफ कर. डोळे मिटा.” दहा सेकंदांत व्यवहार पूर्ण. आपण मुलांवर संस्कार करतोय याचं मला त्या दहा सेकंदांत फार समाधान वाटे.

एकदा संडे स्कूलमध्ये पेत्राचा प्रश्न शिकवला. भावानं अपराध केला तर त्याला किती वेळा माफ करायचं, सात वेळा पुरे का, असं पेत्र विचारतो. त्याला उत्तर मिळतं की सात नव्हे, सातांच्या सत्तर वेळा. याचा अर्थ मोजूच नका, असं बाईंनी सांगितलं असणारच. पण आमची कृपा घरी आली ती गुणाकार करूनच.

महिन्या-दीड महिन्यानं पेन शोधताना मला तिच्या दप्तरात एक शंभर पानी वही सापडली. पहिल्या पानावर ‘शांतवन’ हे शीर्षक. खाली रकाने आखलेले : तारीख, तपशील, अपराध, शिल्लक. सुरुवातीची शिल्लक ४९०. ‘खडू मोडला (निळा) : १.’ ‘श्रीलंका : १.’ ‘आईला खोटं सांगितलं की मीच केलं : २.’ पान संपल्यावर ‘पुढील पानावर’, नव्या पानावर ‘मागील पानावरून’. कुठं खाडाखोड नाही. आमच्या शाखेत इतकी स्वच्छ नोंद मी क्वचितच पाहिली आहे. खरं सांगतो, बाप म्हणून धक्का बसण्याआधी बी.कॉम. म्हणून मला भरून आलं.

७३ अपराध वापरून झाले होते. शिल्लक ४१७.

“हे संपल्यावर काय करणार?” मी विचारलं.

“मारणार,” कृपा म्हणाली. तारण सोन्याचा लिलाव जाहीर करणारा अधिकारी बोलतो तसा शांत स्वर.

अशा वेळी बापानं प्रवचन द्यायचं असतं. मी दिलं. पेत्राच्या प्रश्नाला जोडूनच एक दाखला येतो. एका चाकरावर राजाचं दहा हजार टॅलेंट कर्ज होतं. ते राजानं सोडलं. बाहेर पडताच त्याच चाकरानं आपल्या सोबत्याची शंभर दिनारांसाठी मानगूट धरली. मी म्हटलं, आकडेच मांडून दाखवू. टॅलेंट म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे राजाचं येणं सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाचे तीनशे दिवस कामाचे धरले तर दोन लाख वर्षं. (हे कर्ज मंजूर कुणी केलं आणि तारण काय घेतलं, हा प्रश्न मी या ठिकाणी मोठ्या कष्टानं गिळला.) आणि सोबत्याचं देणं किती, तर चारेक महिन्यांची मजुरी. सहा लाखाला एक हे प्रमाण. “तेव्हा बेटा, माफ करायचं ते हिशेब न ठेवता.”

कृपानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तुम्ही काकांचं का लिहून ठेवता?”

“मी?”

“निळ्या डायरीत. मागच्या पानावर. मी तशीच वही आखली.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

आता सांगणं भाग आहे. २०१३ साली नगरच्या घरावर स्लॅब टाकण्यासाठी दादानं माझ्याकडून चाळीस हजार रुपये घेतले. पावसाळ्याआधी देतो म्हणाला. कुठल्या पावसाळ्याआधी ते बोलण्यात आलं नाही. बँकेत नव्वद दिवस हप्ता थकला की खातं अनुत्पादक ठरतं. मी सख्खा भाऊ म्हणून दोन वर्षं थांबलो. मग एका नाताळात आमचं वाजलं. त्यानंतर लग्नाकार्यात ‘सलाम, सलाम’, इतकाच संबंध. मी मात्र दर ३१ मार्चला डायरीच्या मागच्या पानावर व्याज चढवीत गेलो. आठ टक्के, वार्षिक चक्रवाढ. तिमाही चक्रवाढ लावू शकलो असतो. पण ख्रिस्ती माणूस म्हणून तेवढी सवलत दिली. बारा वर्षांनी रक्कम झाली १,००,७२७ रुपये. आकड्यानं लाख ओलांडला त्या रात्री मला वाईट वाटायला हवं होतं. पण ठेवीची पावती हातात पडल्यावर ठेवीदाराचा चेहरा होतो ना, तसं काहीतरी आत झालं. दादाचा अपराध माझ्या नावावर वाढत होता. त्यानं उद्या खरोखरच चाळीस हजार आणून दिले असते, तर माझी मोठीच पंचाईत झाली असती.

आणि गंमत म्हणजे, ‘मी दादाला केव्हाच माफ केलंय’ असं मी सगळ्यांना सांगत असे. पाळकसाहेबांनाही सांगितलं होतं. हे खोटं नव्हतं, फक्त बँकेच्या अर्थानं खरं होतं. आमच्याकडे ‘राइट ऑफ’ नावाचा प्रकार असतो. बुडीत कर्ज ताळेबंदातून काढून टाकायचं. लोकांना वाटतं, माफ झालं. माफ काही होत नाही. वसुली चालूच राहते, कर्जदाराच्या डोक्यावरचा रुपयाही कमी होत नाही. ताळेबंद तेवढा गोंडस दिसतो. कर्जमाफी ही वेगळी चीज, २००८ साली सरकारनं शेतकऱ्यांना दिली तशी. दादाच्या बाबतीत मी राइट ऑफ करून माफीचं पुण्य खात्यावर जमा करून घेतलं होतं. कुणा ऑडिटरला दिसलं नव्हतं. पोरीला दिसलं.

मुलं झोपल्यावर बायको म्हणाली, “अहो, त्या डायरीत एकच बाजू कशी?”

“म्हणजे?”

“नावे आहे, जमा नाही. आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं न्हाणंधुणं, औषधं, रात्रीचं उठणं, ते कुणी केलं? ते कुठल्या खात्यात घातलंत?”

मी म्हटलं, ते आणि हे वेगळं. वेगळं कसं, हे ती विचारील म्हणून मी घाईनं विषय बदलला आणि कृपाबद्दल बोललो. पोरीनं मन मोठं करायला हवं वगैरे. त्यावर ती म्हणाली, “टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. त्या बाईला पाच वर्षं लागली. आणि तुम्ही पोरीला देता दहा सेकंद. खडू तिचा मोडलाय, तुमचा नाही.” हिनं ‘स्मृतिचित्रे’ चार वेळा वाचलंय. माझ्याशी संसार करायला उपयोगी पडतं म्हणते.

त्या रात्री झोप येईना. मुलांना सक्तीनं माफ करायला लावावं की नाही, हा प्रश्न मला तोवर प्रश्न वाटलाच नव्हता. सक्तीनं दात घासायला लावतो, तसं हे. पण दात घासताना निदान आपण स्वतःही घासत असतो.

दुसऱ्या रात्री प्रभूची प्रार्थना म्हणताना मी अडखळलो. मत्तयातली मराठी प्रार्थना आम्ही लहानपणापासून म्हणतो. तिच्यात शब्द आहे ‘ऋण’. चूक नाही, अपराध नाही, ऋण. वीस वर्षं कर्जाच्या फायली हाताळणाऱ्या माणसाला तो ऐकू येऊ नये, ही कमाल आहे. शिवाय आमची ऋणं सोड असं मागताना, आम्ही आमच्या ऋण्यांचं सोडलेलं आहे असं आपण सांगतो. सोडू असं नाही, सोडलंय. कर्जाच्या अर्जासोबत जोडलेलं प्रतिज्ञापत्रच ते. आणि मी रोज रात्री, मुलांना साक्षीदार बसवून, त्यावर खोटी सही करीत होतो. मी त्या ओळीशी थांबलो तेव्हा शांतवनानं एक डोळा उघडून पाहिलं, पप्पा विसरले की काय म्हणून.

शनिवारी दादाला फोन लावला.

“सलाम, दादा.”

बराच वेळ आवाज नाही. मग, “बोल. पैशाचं म्हणशील तर...”

“पैशाचं नाही.”

“मग?”

इथं माझी वाचा बसली. बारा वर्षांत मी दुसरा विषयच शिल्लक ठेवला नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “घर काय म्हणतंय? गळतं का?” तोंडातून गेल्यावर लक्षात आलं, हे तर थेट स्लॅबवरच गेलं.

दादा म्हणाला, “नाही रे. तो स्लॅब चांगला झाला. आईच्या खाटेवर शेवटपर्यंत थेंब पडला नाही.” मग म्हणाला, “पोरं कशी आहेत?”

मी म्हटलं, बरी आहेत. आणखीही काही बोलायचं ठरवून बसलो होतो, कागदावर मुद्दे काढले होते. पण त्याच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि माझा घसाही नीट चालत नव्हता. फोन ठेवला.

रात्री कृपानं चौकशी केली. “काकांचं पान फाडलं?”

“बँकेत पान फाडत नाहीत. आडवी रेघ मारून सही करतात.”

तिनं डायरी मागवून घेतली आणि दिव्याखाली धरून पान तपासलं. “रेघेखालून आकडा दिसतोय, पप्पा.”

दिसतो. मला तर डायरी न उघडताही दिसतो. ३१ मार्चला हात आपोआप व्याजाकडे जाईल, हेही मी तुम्हांला आत्ताच सांगून ठेवतो. बँकेत ज्या रकमेचं नेमकं काय करावं ते कळत नाही, ती उचंत खात्यात ठेवतात. कायमची नव्हे, ऑडिटर येऊन विचारतो, अजून इथंच का? सध्या दादाचे चाळीस हजार तिथं आहेत. वरचं व्याज मी सोडलं, ते मात्र खरंच सोडलं. निदान मंगळवारपर्यंत तरी तसं वाटत होतं.

कृपाची वही चालूच आहे. मी तिला बंद कर म्हणालो नाही, आणि ‘माफ कर’चा हुकूमही सध्या मागे घेतलाय. तिचं तिला ठरवू दे. परवा वहीत डोकावलो. शिल्लक ४०९ झाली होती, पण एक नवा रकाना आखला होता : ‘जमा’. त्यात एकच नोंद. ‘ताप आला तेव्हा पाणी आणून दिलं. सांडलं.’ पाणी सांडल्याचा अपराध लावावा की नाही, यावर उपासनेच्या वेळी दोघांची हुज्जत चालली होती. नऊ वाजून गेले होते. मी मध्ये पडलो नाही.