शेजाऱ्याकडे प्रमाणपत्र मागावे काय?

पुणे-सोलापूर रस्त्यावरचे मोहोळ हे नागनाथांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. नागेश संप्रदायाची मोहोळ आणि जवळचे वडवळ ही दोन मोठी ठाणी. या संप्रदायाच्या परंपरेत नागेशांचा शिष्य म्हणून आलमखान या मुसलमान भक्ताचे नाव आदराने घेतले जाते. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी तर मुसलमान मराठी संतकवींवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. ज्या गावच्या भक्तिपरंपरेत असे नाव आहे, त्या गावी देवळातील आरती आणि मशिदीतील अजान दोन्ही ऐकू याव्यात, यात नवल ते काय?

या भागातील मुसलमान समाज गावगाड्यात मिसळलेला आहे. मुलाणी हा गावच्या बलुतेदारांपैकी एक होता. आतार, तांबोळी, बागवान, मणेर ही आडनावे धंद्यांवरून पडली, आणि त्या धंद्यांवाचून आपला आठवडे बाजार कधी भरला नाही. घरात दखनी बोलणारी ही माणसे बाजारात, शेतात आणि कचेरीत मराठी बोलतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमानांचे प्रमाण सुमारे साडेअकरा टक्के आहे. आपण ख्रिस्ती लोक एक टक्काही भरत नाही. म्हणजे अल्पसंख्याकांतही आपण अल्पच. त्यामुळे मशिदीचा प्रश्न हा केवळ शेजाऱ्याचा प्रश्न आहे असे म्हणून आपल्याला बाजूस होता येत नाही.

मुसलमानांविषयी कोठे संशय व्यक्त झाला, की त्यांचे हितचिंतक एक यादी पुढे करतात. १९३० साली सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्याबरोबर कुर्बान हुसेन यांनाही येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या आवाजाने मैदाने दुमदुमली, ते शाहीर अमर शेख याच जिल्ह्यातील बार्शीचे. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली भरले, तेही सोलापुरातच. यादीतील प्रत्येक नोंद खरी आहे आणि ती प्रत्येक मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशीच आहे.

तरीही या यादीचा ज्या तऱ्हेने उपयोग केला जातो, त्यात एक नैतिक दोष दडलेला आहे. हुतात्म्याचे स्मरण करणे वेगळे आणि त्याचे नाव प्रमाणपत्र म्हणून दाखवणे वेगळे. स्मरणात कृतज्ञता असते. प्रमाणपत्र मात्र संशयिताकडेच मागितले जाते. मागणारा नकळत न्यायासनावर बसतो आणि दाखवणारा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. मल्लप्पा धनशेट्टींचे नाव सांगून स्वतःची निष्ठा सिद्ध करण्याचा प्रसंग त्यांच्या जातभाईंवर येत नाही. मग कुर्बान हुसेन यांचे नाव सांगण्याचा प्रसंग मुसलमान तरुणावरच का यावा? आणि ज्या बागवानाच्या घराण्यात ना कोणी हुतात्मा झाला, ना शाहीर, ना संतकवी, जो आयुष्यभर इमानाने पेरू आणि केळी विकत राहिला, त्याच्या मशिदीचा हक्क काही कमी ठरतो काय?

ही सवय आपल्यालाही आहे. आमच्याविषयी कोणी परकेपणाचा शब्द काढला, की आपण लगेच फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण पुढे करतो, पंडिता रमाबाईंचे नाव घेतो, रेव्हरंड टिळकांच्या अभंगांचा दाखला देतो. या थोरांचे ऋण मोठे आहे. पण खेड्यातील एखादी अशिक्षित ख्रिस्ती बाई उपासनेला जाते, ती काही रमाबाईंच्या पुण्याईवर नव्हे. तिचा हक्क तिचा स्वतःचा आहे.

तो हक्क येतो कोठून? आपल्या संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सदसद्विवेकाचे आणि धर्मपालनाचे स्वातंत्र्य सर्व व्यक्तींना सारखेच दिले आहे. तेथे जुने-नवे, थोडे-पुष्कळ असा भेद नाही. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य या मर्यादा आहेत, पण त्याही सर्वांना सारख्याच. ध्वनिक्षेपकाचा नियम मशिदीला लावायचा तर तो देवळाला आणि आपल्या चर्चलाही लावला पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीचे घोषणापत्र काढले. या स्वातंत्र्याचे मूळ तिने माणसाच्या गुणावगुणांत शोधले नाही. ते माणूसपणाच्या प्रतिष्ठेतच आहे असे तिने सांगितले. एवढेच नव्हे, तर जो सत्याचा शोध घेण्याचे आपले कर्तव्य पाळत नाही, त्याचाही हा हक्क हिरावता येत नाही असे तिने शिकवले. याचा अर्थ उघड आहे. परमेश्वराने जे माणसाला माणूस म्हणून दिले, ते शेजाऱ्याने चांगल्या वर्तणुकीचे बक्षीस म्हणून वाटावयाचे नसते.

येथे काही वाचक विचारतील, मुस्लिम देशांत आपल्या बांधवांना जो छळ सोसावा लागतो त्याचे काय? प्रश्न रास्त आहे आणि तो दडपू नये. पाकिस्तानात आसिया बीबी या ख्रिस्ती शेतमजूर स्त्रीला २०१० साली धर्मनिंदेच्या आरोपावरून मृत्युदंड सुनावण्यात आला. तिच्या बाजूने बोलले म्हणून २०११ च्या मार्चमध्ये शाहबाज भट्टी या कॅथोलिक मंत्र्याची हत्या झाली. परंतु त्याआधी, त्याच वर्षीच्या जानेवारीत, पंजाब प्रांताचे राज्यपाल सलमान तासीर याच कारणासाठी मारले गेले होते आणि ते मुसलमान होते. पुढे २०१८ साली त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष ठरवले. तासीर यांनी त्या स्त्रीकडे तिच्या समाजाच्या देशसेवेचे दाखले मागितले नाहीत. तिच्यावर अन्याय होत आहे एवढेच त्यांना पुरे झाले. मग लाहोरच्या अन्यायाचा हिशेब मोहोळच्या मुलाण्याकडे का मागावा? न्याय म्हणजे बाजारातील देवघेव नव्हे. समोरच्याने दिला तर मी देईन, असे म्हणणारा मनुष्य न्यायाला कर्ज समजतो.

प्रमाणपत्र मागायचे नाही म्हणजे सत्य बोलायचे नाही असेही नव्हे. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांना बरोबर घेऊन मुंबईत तोंडी तलाकाविरुद्ध मोर्चा काढला आणि १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. अशी चिकित्सा प्रत्येक समाजाला हवी, आपल्यालाही हवी. पण दोष दाखवणे आणि हक्कावर प्रश्नचिन्ह लावणे या दोन गोष्टी एक नव्हेत. घरातील माणसाची चूक आपण त्याला सांगतो. म्हणून त्याला घराबाहेर काढत नाही.

आपल्यासारख्या छोट्या समाजापुढे याहून सूक्ष्म असा एक मोह असतो. आम्ही शाळा चालवतो, दवाखाने चालवतो, आम्ही त्यांच्यासारखे नाही, असे म्हणून बहुसंख्याकांच्या मर्जीत राहण्याचा तो मोह आहे. हे वाक्य उच्चारताना आपण सुरक्षित झालो असे वाटते. वस्तुतः आपण त्याच क्षणी मान्य केलेले असते की, राहण्याचा हक्क चांगल्या वागणुकीवर मिळतो आणि तो देणारा कोणी दुसरा आहे. आज शेजाऱ्यापुरती मान्य केलेली अट उद्या आपल्यालाच लागू होते. पण केवळ या भीतीपोटी शेजाऱ्याच्या बाजूने उभे राहणे हाही शेवटी स्वार्थच. ख्रिस्ती माणसाने त्यापुढे गेले पाहिजे.

माझा शेजारी कोण, असे त्या शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले, तेव्हा त्याला एक मर्यादा आखून हवी होती. प्रभूने शोमरोन्याची गोष्ट सांगितली आणि प्रश्नच उलटा केला. त्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या माणसाचे गाव, कुळ, धर्म यांपैकी काहीही विचारले नाही. त्याने जखमा पाहिल्या आणि तो खाली वाकला. मशीद दिसली की तिच्या आत प्रार्थना करणाऱ्यांची पात्रता मोजण्याची इच्छा ज्याला होते, त्याने ही गोष्ट पुन्हा एकदा सावकाश वाचावी. शेजारी कोण हे तपासत बसण्यापेक्षा आपण स्वतः कसे शेजारी आहोत, हे त्याने तपासावे.